फुली कुठे धरायची?

आपल्याकडे ‘बघू’ या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा होतो. वर्गणी मागायला आलेल्यांना तो कळतो, स्थळ सुचवणाऱ्यांना कळतो, विमा विकणाऱ्याला तर दारातच कळतो. अमेरिकेला जाताना मी बाकी बरंच काही मागे ठेवलं, पण हा शब्द जपून नेला आणि तिकडे गरज पडेल तसा भाषांतर करून वापरू लागलो. ‘लेट्स सी.’ या भाषांतरात शब्दाचा जीवच निघून जातो, हे मला चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कळलं. तोपर्यंत उशीर झाला होता आणि माझ्याकडे रायफल होती.

मी तेव्हा ॲरिझोनात चँडलरला सेमीकंडक्टरच्या कारखान्यात इंजिनियर होतो. माझा साहेब डेल हचिन्स. उंच, वाळका, पन्नाशी ओलांडलेला. बोललेल्या शब्दांचे पैसे पगारातून कापतात, अशी त्याची समजूत असावी. डेल शिकारी होता. नोकरीही करायचा, पण ती एका शिकारीपासून दुसऱ्या शिकारीपर्यंत टेकायला खुर्ची हवी म्हणून. आणि त्याच्या आयुष्यात हळवी जागा एकच होती: प्राँगहॉर्न.

हे उत्तर ॲरिझोनाच्या माळावरचं हरीण. तिथले लोक त्याला अँटिलोप म्हणतात. शास्त्रज्ञ म्हणतात, ते अँटिलोप नव्हे आणि हरीणही नव्हे. मी हरीण म्हणतो, कारण त्याने स्वतः कधी हरकत घेतलेली नाही. त्याच्या शिकारीचे परवाने सरकार मोजकेच काढतं. अर्ज ढिगाने येतात, मग सोडत होते. नाव निघालं तर एक टॅग मिळतो. एक माणूस, एक नर, सप्टेंबरातला एक शनिवार-रविवार. शिकार झाली की तो टॅग शिंगाला बांधायचा. नाही झाली तर कचऱ्यात टाकायचा. डेल लग्न झालं त्या वर्षापासून अर्ज करत होता. आता त्याच्या मुलीचंही लग्न झालं होतं आणि टॅग अजून यायचा होता.

एकदा कॅन्टीनमध्ये जेवताना त्याने एक कोरा अर्ज माझ्यासमोर सरकवला. “चक, तूही टाक एक.” चारुदत्तमधलं त्याला तेवढंच झेपलं होतं. मी पोळीचा घास गिळला आणि अत्यंत नम्रपणे ‘नाही’ म्हणालो. म्हणजे ‘लेट्स सी’ म्हणालो. डेलने खिशातून पेन काढलं आणि अर्जात भरायला माझी उंची विचारली.

सोडतीत माझं नाव निघालं. डेलचं नाही.

तो माझ्या टेबलापाशी आला आणि टॅग बघायला मागितला. कारखान्यात आम्ही सिलिकॉनची चकती जशी फक्त कडांना धरतो, तसा त्याने तो कडांना धरला. उलटून बघितला, सुलटा केला, परत दिला.

“तुझ्या नावावर करून देता येईल का?” मी विचारलं.

“नाही,” डेल म्हणाला. “मी विचारून आलोय.”

जाता जाता तो दारात थांबला. “वाया घालवू नकोस, चक.”

डेलने इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं असेल तर एवढंच. मला एकदम घाम फुटला. बाहेर ॲरिझोनातला उन्हाळा होता, पण हा घाम आतून आलेला होता.

शस्त्रांशी माझा पूर्वसंबंध सांगलीच्या कॉलेजातला. एनसीसीत आम्हाला थ्री नॉट थ्रीच्या पाच-पाच गोळ्या झाडायला दिल्या होत्या. माझ्या पाचांपैकी दोन शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर सापडल्या. त्याला त्या वर्षी नेमबाजीचं बक्षीस मिळालं.

“अहो, तुम्ही झुरळ मारायला मला हाक मारता,” वसुधा म्हणाली. वसुधा म्हणजे माझी बायको.

“झुरळ जवळून मारावं लागतं. हे लांबून मारायचं असतं.”

“मारायचंच असेल तर एका गोळीत मारा. लंगडत कुठे गेलं ना, तर त्याच्यामागे तुम्हीही जा. घरी यायचं नाही.”

म्हणजे एकीकडे डेल, दुसरीकडे वसुधा आणि मध्ये मी, हातात नवी कोरी रायफल घेऊन. रायफलीवर दुर्बीण होती. दुर्बिणीत बारीक तारांची फुली होती. आता सामान्य माणसाला वाटेल, फुली हरणावर ठेवावी आणि चाप ओढावा. मलाही तसंच वाटत होतं, ते दिवस सुखाचे होते. पण गोळी सरळ जात नाही. निघाल्यापासून ती खाली येत असते. शंभर यार्डांवर ते कळत नाही, पण चारशे यार्डांवर ती चांगली वीतभर, दोन विती खाली आलेली असते. आणि त्या उघड्या माळावर हरीण माणसाला जवळ येऊ देत नाही. तेव्हा प्रश्न असा की, फुली धरायची कुठे?

या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत आणि दुर्दैवाने मला तिन्ही मिळाली.

पहिलं डेलचं. “शंभर यार्डांवर गोळी तीन इंच वर लागेल अशी दुर्बीण एकदा बसवून टाक. मग तीनशेपर्यंत फुली जिथे मारायचं तिथेच. डेड ऑन. थोडी वर लागेल, थोडी खाली लागेल, पण लागेल.”

“आणि तीनशेच्या पुढे?”

“तीनशेच्या पुढे घरी जायचं.” हे त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. त्यापुढे चर्चा नव्हती.

दुसरं उत्तर डॉक्टर शैलेंद्रचं. शैलेंद्र नागपूरचा, शेजारच्या मेसा गावातल्या एका इस्पितळात पोटाचा सर्जन. माझ्या टॅगची बातमी महाराष्ट्र मंडळाच्या सत्यनारायणाला फुटली आणि दुसऱ्या दिवशी तो घरी हजर झाला. गोंदियाकडे त्याचा कोणी मामा जुन्या काळात शिकार करायचा. शैलेंद्र लहानपणी त्याच्या जीपमध्ये मागे बसला होता. एवढ्या अनुभवावर अमेरिकेत माणूस सल्लागार होतो.

“अबे, नॉब नको अन् इंच नको,” तो म्हणाला. “डोळ्याने बघायचं. लांब असलं तर अर्धं हरीण वर धरायचं. अजून लांब असलं तर एक हरीण वर.”

“आणि वारा असला तर?”

“पाव हरीण डावीकडे.”

जगात मीटर आहे, फूट आहे, हात आहे, वीत आहे. हरीण हे एकक मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिसरं उत्तर माझं स्वतःचं. ते सर्वांत शास्त्रशुद्ध होतं, म्हणून त्याने घोटाळा केला. माझ्या दुर्बिणीला वरच्या बाजूला नॉब होता. तो एक क्लिक फिरवला की चारशे यार्डांवर गोळी साधारण इंचभर वर सरकते. म्हणजे अंतर कळलं की किती क्लिक ते हिशेबाने निघतं. तेवढा नॉब फिरवायचा आणि फुली थेट हरणावर ठेवायची. अंदाज नाही, तडजोड नाही. मी घरच्या कंप्युटरवर बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहिला. कंप्युटर टीव्हीला जोडलेला असल्यामुळे वसुधाची मालिका बुडाली. प्रोग्रॅममध्ये मी हवेचा दाब घेतला, तापमान घेतलं, समुद्रसपाटीपासूनची उंची घेतली. पृथ्वी फिरते तेही घेणार होतो, पण कंप्युटरची मेमरी संपली.

मी डेलला सगळं समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

“अंतर कोण सांगणार?” त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. अंतर एकदा कळलं की माझी पद्धत अचूक होती. अंतर कळायची पद्धत मात्र मी अजून काढली नव्हती. “लेट्स सी,” मी म्हणालो. या वेळी मात्र मला तेच म्हणायचं होतं.

दर शनिवारी सकाळी मी शैलेंद्रला घेऊन गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर जाऊ लागलो. सरावासाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून वसुधाने त्यावर हरीण काढलं. तिचा हात रांगोळीचा. डोळे मोठे आले, पाठ भरदार आली आणि चेहऱ्यावर भलतीच माया आली. शैलेंद्रने रायफल खाली ठेवली.

“मी नाही मारणार. गाय आहे ही.”

“शिंगं बघ की.”

“गाईला शिंगं नसतात काय?”

पुढच्या शनिवारी वसुधाने शिंगं मोठी करून दिली. त्याचा नंदी झाला. शेवटी आम्ही कोरा पुठ्ठा लावला आणि त्याला हरीण म्हणायचं ठरवलं.

याच सुमारास पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. जावई कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. “त्यांचा हल्ली दर शनिवारी नेम असतो,” वसुधा म्हणाली. तिला म्हणायचं होतं ते नेमबाजीचं. पण सासूबाईंना भरून आलं. परदेशात राहून, सकाळी उठून, शनिवारचा नेम! त्यांनी तिकडे चार बायकांना सांगितलं. मग देशातून येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर मारुतीची तसबीर आणि शेंदराची पुडी आली. ती मी रायफलीच्या कपाटात ठेवली. कुठून काय उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला जमू लागलं होतं. मैदानावर शंभर, दोनशे, तीनशे, चारशे अशा पाट्या लावलेल्या होत्या. पाटी वाचायची, तक्ता बघायचा, नॉब फिरवायचा, की गोळी जिथे सांगितली तिथे. शैलेंद्रसुद्धा गप्प बसला. माळावर हरणाशेजारी पाटी लावलेली नसते, ही गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. आम्ही दोघेही खूप शिकलेले होतो.

शिकारीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, कारखान्यात आभाळ कोसळलं. एका भट्टीतून बाहेर पडणाऱ्या चकत्या एकामागोमाग एक बाद व्हायला लागल्या. आमच्या विभागातल्या एकाने थांबणं भाग होतं. मी लगेच हात वर केला. इतक्या तत्परतेने मी कामासाठी त्याआधी कधी हात वर केला नव्हता, नंतरही नाही.

डेलने मान हलवली. “टॅग तुझा आहे. मी थांबतो.” त्याच्या गाडीत सामान भरलेलं मला खिडकीतून दिसत होतं. “डॉक्टरला घेऊन जा. मला जमलं तर उद्या संध्याकाळी येईन.”

मी निघालो.

शनिवारी उजाडता उजाडता शैलेंद्र आणि मी सेलिगमन गावाच्या पुढच्या माळावर होतो. बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, माझा तक्ता आणि शैलेंद्रची तिपाईवरची मोठी दुर्बीण. गोळी कुठे पडते हे तिच्यातून बघून त्याने मला सांगायचं, असं ठरलेलं. दुसरी पुरी संपेपर्यंत हरीणही आलं. एकटा नर, काळी शिंगं, पांढरं पोट. आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मग शांतपणे आडवा झाला. म्हणजे झोपला नव्हे, बाजू दाखवून उभा राहिला. याहून जास्त सहकार्य कोणी करू शकत नाही.

“किती असेल?” शैलेंद्र कुजबुजला.

दुर्बिणीत ते फारच लहान दिसत होतं. “चारशे.”

“मला तीनशेच वाटते बे.”

“तू पोटं कापतोस. अंतराचं मला सांगू नकोस.”

“पोटातही अंतरं असतात!”

मी तक्ता बघितला, चारशेचे क्लिक फिरवले, आडवा पडलो, फुली खांद्यामागे ठेवली, चाप ओढला. खांद्याला दणका बसला. हरीण जागचं हललं नाही.

“वर,” शैलेंद्र दुर्बिणीतून म्हणाला.

मला त्याचं कौतुक वाटलं. किती मोजकं बोलला! मी नॉब आणखी वर फिरवला आणि दुसरी गोळी झाडली. हरणाने मान वळवून आमच्याकडे बघितलं. प्राँगहॉर्न फार चौकस प्राणी आहे, हे मी वाचलं होतं. आम्ही काय करतो आहोत याची त्याला खरोखरच उत्सुकता वाटत असावी.

“वर!” शैलेंद्र.

मी वर केलं.

“अरे वर! वर!”

त्याचा आवाज चढला तसा मी नॉबचा सबंध एक फेरा दिला आणि तिसरी गोळी झाडली. या वेळी कुठेच धूळ उडाली नाही. शैलेंद्रने दुर्बिणीतून डोळा काढला आणि सावकाश आकाशाकडे बघितलं.

“कुठे गेली?”

“देवाकडे. मघापासून बोंबलतोय ना मी, वर म्हणून!”

“मग केलं ना वर!”

“वर जातेय म्हटलं! वर कर कोण म्हटलं तुला?”

“तू म्हटलंस! ‘वर’ म्हटलंस! नुसतं ‘वर’ म्हणजे आज्ञा होते.”

“कोणत्या व्याकरणात?”

“सगळ्याच. ‘बाहेर!’ म्हटलं की माणूस बाहेर जातो. बाहेर आहे अशी माहिती देत नाही कोणी!”

“अन् मुलं कुठं आहेत विचारल्यावर ‘वर’ म्हटलं तर? अजून वर पाठवतोस काय त्यांना?”

हा मुद्दा बिनतोड होता आणि त्यामुळे मला जास्त राग आला. त्या माळावर मराठी व्याकरणाची चर्चा पहिल्यांदाच होत असावी. हरणाने ती थोडा वेळ ऐकली. मग कोणीही केलं असतं तेच त्यानेही केलं. ते निघून गेलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शैलेंद्र म्हणाला, “आण इकडे, खाली करून देतो.” नॉबवर एक बाण होता आणि ‘अप’ असं लिहिलेलं होतं. तो बाण फुलीचा की गोळीचा, यावर आमचा दुसरा वाद सुरू झाला. बाण गोळीचा, मी म्हणालो. फुलीचा, शैलेंद्र म्हणाला. त्याने नॉब इकडे फिरवला, मी तिकडे फिरवला, त्याने माझा हात धरला, मी त्याचा. शेवटी दोघे दमून बसलो तेव्हा नॉब कुठून निघाला होता आणि कुठे पोचला होता, हे सांगणारा एकही माणूस त्या माळावर नव्हता.

संध्याकाळी डेल आला. भट्टी दुरुस्त करून, न झोपता, थेट गाडी चालवत आला होता. उतरल्या उतरल्या त्याने आधी आमच्या गाडीच्या मागच्या भागात बघितलं. तिथे पुऱ्यांचा डबा होता.

मी सगळं सांगितलं. डेल टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता.

“ ‘वर’ म्हणजे काय?” त्याने विचारलं.

“अप.”

“काय अप? गोळी की रायफल?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

त्याने मांडीवरची टोपी उलटी करून बघितली. “चक, तुमच्या देशात विमानं कशी उतरतात?”

“इंग्रजीत,” शैलेंद्र म्हणाला.

डेल हसला नाही. त्याने माझी रायफल हातात घेतली, दुर्बिणीतून एकदा क्षितिजाकडे बघितलं आणि नॉबवर अंगठा ठेवला. “शून्यावरून किती फिरलाय?”

मी शैलेंद्रकडे बघितलं. शैलेंद्रने पुऱ्यांच्या डब्याकडे बघितलं.

“म्हणजे ही आता कुठे मारते, ते कोणालाच माहीत नाही,” डेल म्हणाला.

“इथेच दोन-चार गोळ्या झाडून परत जुळवता येईल,” मी म्हणालो.

“येईल. आणि त्या आवाजाने उद्या सकाळी या माळावर आपण तिघेच असू.” तो उठून आपल्या गाडीकडे गेला. “उद्याचा एकच दिवस आहे.”

हे तो मला सांगत नव्हता. त्याची पाठ माझ्याकडे होती आणि ती पाठ मला फार थकलेली दिसली. ज्या माणसाने आयुष्यभर एका टॅगची वाट बघितली, त्याला तो दुसऱ्याच्या खिशात बघावा लागला होता, आणि आता तिथेही तो वाया जाताना दिसत होता. मला जन्मात पहिल्यांदा ते हरीण मनापासून हवंसं वाटलं. माझ्यासाठी नव्हे. मला ते खायलाही आवडलं असतं की नाही, शंका होती.

डेल परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याची स्वतःची रायफल होती. दस्त्यावरचं लाकूड गालाच्या जागी झिजून काळं झालेलं. टॅग नसताना त्याने ती का आणली होती, ते मी विचारलं नाही.

“माझी घे. तीन इंच वर बसवलेली आहे. नॉबला झाकण आहे आणि ते झाकण तू काढायचं नाहीस.” मग शैलेंद्रकडे वळून, “डॉक्टर, तुम्ही उद्या टेकाडावर बसून बघायचं. काहीही दिसलं तरी बोलायचं नाही. कुठल्याही भाषेत.”

रविवारी सकाळी डेल आणि मी एका कोरड्या ओहोळातून सरपटत निघालो. चाळिशीच्या इंजिनियरला सरपटण्याची सवय असते, पण ती ऑफिसातली. इथे गुडघ्यात गोखरू होते, कोपरात निवडुंग होता आणि पोटात वसुधाच्या पुऱ्या होत्या. डेल पुढे सापासारखा चालला होता. मी मागे, एखाद्या पलंगाला चार माणसांनी ओढत न्यावं तसा. दर थोड्या वेळाने तो हात मागे करून मला थांबवायचा. मी थांबायचो. त्या एका आज्ञेत मी तरबेज होतो.

ओहोळाच्या काठावर त्याने मला शेजारी ओढून घेतलं. गवताच्या पलीकडे तोच नर होता की दुसरा, देव जाणे. पण जवळ होता. दीडशे यार्ड असेल. मला त्याच्या कानातले केस दिसत होते.

“ट्रिगर हलका आहे,” डेल माझ्या कानात म्हणाला. “डेड ऑन.”

मी फुली खांद्यामागे ठेवली. डेड ऑन. डेल शेजारी श्वाससुद्धा घेत नव्हता. आता फक्त बोट दाबायचं होतं. आणि तेवढ्यात माझ्या आतला इंजिनियर जागा झाला. शंभर यार्डांवर गोळी तीन इंच वर. मग दीडशेवर? चार. म्हणजे डेड ऑन धरली तर चार इंच वर लागणार. वर! हा तर कालचाच शब्द. मग चार इंच खाली धरू का? पण आपण ओहोळाच्या काठावरून, किंचित खालच्या दिशेने मारतोय. खालच्या दिशेने मारताना गोळी आणखी वर लागते. म्हणजे चाराचे साडेचार. उलट सकाळची हवा थंड आहे, थंड हवेत गोळी थोडी कमी पडते, तेव्हा पाव इंच वजा. आणि ट्रिगर हलका आहे, असं डेल म्हणाला, तेव्हा त्याचंही काहीतरी धरायला…

उत्तर यायच्या आत गोळी गेली.

ट्रिगर खरोखरच हलका होता. गोळी सुटली तेव्हा फुली कुठे होती? खांद्यावर, खांद्याखाली की गवतावर? मला माहीत नाही. मी मनात साडेचारातून पाव वजा करत होतो.

हरीण जागच्या जागी बसलं, मग एका कुशीवर कलंडलं आणि पुन्हा हललं नाही.

मग डेल उठला आणि मोठाल्या ढांगा टाकत निघाला. मी मागे धावलो. हरणापाशी पोचल्यावर त्याने टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. किती वेळ ठेवला ते मी मोजलं नाही. मग खांद्यामागचे केस बाजूला करून त्याने गोळीची खूण बघितली. ती बरोबर जिथे असायला हवी तिथे होती. त्याहून बरी जागा हरणाच्या अंगावर नाही.

त्याने वर बघितलं. “फुली कुठे धरली होतीस, चक?”

माझ्या नोकरीत मी बरेच अहवाल लिहिले आहेत. भट्टी का बिघडली, चकत्या का बाद झाल्या, दोष कोणाचा. खरं उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहायचं, हे डेलनेच मला शिकवलं होतं. पण त्याचे डोळे परवाच्या जागरणाने तांबारलेले होते, आणि त्यात काहीतरी असं होतं की त्याच्यासमोर हा अपघात ठेवायला माझी जीभ वळेना.

“डेड ऑन,” मी म्हणालो.

डेलने मान डोलावली. मग पुन्हा डोलावली. “माझे वडील हेच सांगायचे,” तो म्हणाला आणि घाईघाईने टोपी घातली, म्हणजे मला त्याचा चेहरा दिसू नये.

एवढ्यात टेकाडावरून शैलेंद्र धापा टाकत आला. इतका वेळ तोंड बंद ठेवल्याने त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता.

“पाव हरीण खाली धरलीस ना?” तो मराठीत ओरडला. “मी बघितलं दुर्बिणीतून! एवढ्या जवळ असलं की पाव हरीण खाली धरायची, मामा नेहमी सांगायचा!”

“अगदी पाव,” मी म्हणालो.

“सांगत होतो ना बे!”

“काय म्हणतायत डॉक्टर?” डेलने विचारलं.

“शॉट छान होता म्हणतायत.”

डेलने शैलेंद्रकडे बघून मान लववली. शैलेंद्रने डेलकडे बघून लववली. समोरच्याची पद्धत कशी चुकीची होती हे दोघांनाही आत्ता कळलं होतं आणि दोघेही मोठ्या मनाने ते बोलून दाखवत नव्हते. तिसरी पद्धत कशी होती, हे कोणी विचारलं नाही.

मी खिशातून टॅग काढला आणि शिंगापाशी बसलो. कायद्याप्रमाणे तो मीच बांधायचा होता. दोरी काही टॅगच्या भोकातून जाईना. डेलने दोन्ही हातांनी शिंग धरलं. धरायची तशी गरज नव्हती, ते कुठे जाणार नव्हतं. शैलेंद्रने दोरीचं टोक पकडलं, माझ्या बोटांवरून आपली बोटं फिरवली आणि काय झालं कळायच्या आत गाठ पडली.

“सर्जनची गाठ आहे,” तो डेलला इंग्रजीत म्हणाला. “सुटणार नाही.”

डेलने ती ओढून बघितली. मग आणखी एकदा, जरा जोरात. आणि शिंग सोडायची वेळ आली तरी त्याने ते सोडलं नाही.